चेहऱ्याचे मोल

सल्ला देणे ही शिक्षकाची जुनी खोड आहे. विचारला तर तो देतोच, न विचारताही देतो. वीस-बावीस वर्षे मुलांपुढे उभे राहून बोलण्याची सवय लागली, की सगळ्याच प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी आहेत असे वाटू लागते. पण एखादा प्रश्न असा येतो, की जिभेवर आलेले उत्तर ओठांशीच अडखळते. मग ध्यानात येते, की आपण बोलणार होतो तो विचार नव्हताच, ती नुसती सवय होती. गेल्या पावसाळ्यात असा एक प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला.

ती माझी विद्यार्थिनी. सहावीत माझ्या वर्गात होती. आज एकोणतीस वर्षांची आहे, सहा वर्षांची मुलगी पदरात आहे. आमचे गाव येवला, पैठणीचे गाव. तिचे माहेर आणि सासर दोन्ही विणकरांची. लहानपणी ती कांड्या भरून देई, आता स्वतः मागावर बसते. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी ती विणते त्या दुकानदारांनी तिला सहज म्हटले, "ही साडी जरा अंगावर घेऊन उभी राहा, फोटो काढू." तो फोटो मोबाइलवरून गावोगाव गेला आणि साड्यांना मागणी आली. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीन दिवस तिला हे काम मिळते. आता सुरतेच्या एका व्यापाऱ्याने तिला बोलावले होते. कॅटलॉगसाठी चार दिवस काम करायचे, आणि त्या चार दिवसांचे मोल मागावरच्या महिनाभराच्या मजुरीहून अधिक होते.

"बाई, करू का?" तिने विचारले. मग एकेक शंका बाहेर पडू लागली. "माझं वय झालं का हो या कामाला? त्या कॅटलॉगातल्या पोरी वीस-बावीसच्या असतात. रंग माझा हा असा, नाक हे असं बसकं. आणि घरचं म्हणाल, तर हे म्हणतात, 'तुला वाटेल ते कर,' पण तोंड फिरवून म्हणतात. सासूबाई तर बोलायच्याच बंद झाल्यात. उद्या पोरीच्या शाळेत कुणी काही बोललं तर?"

माझ्या जिभेवर आलेले उत्तर होते, "कशाला या भानगडीत पडतेस?" ते मी गिळले, आणि तिला चहा करून दिला. चहा उकळेपर्यंत माणसाला विचार करायला थोडी सवड मिळते.

भानगड म्हणजे नेमके काय? आपला चेहरा दाखवून पैसे मिळवणे हे कमीपणाचे आहे, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते. पण पोट भरण्यासाठी शरीराचा एखादा भाग कोण खर्ची घालत नाही? गवंडी पाठ देतो, हमाल मान देतो. मी गेली वीस-बावीस वर्षे माझा गळा देत आले आहे, आणि आता शेवटच्या तासाला तो बसतो. तिच्या सासूबाईंनी तर तीस वर्षे मागावर बसून डोळे दिले, गुडघे दिले. जरीच्या एकेका धाग्यापायी अधू झालेल्या त्या डोळ्यांना आजवर कोणी लाजिरवाणे म्हटले नाही. मग चेहरा दिला म्हणजे लाज कशी येते?

कोणी म्हणेल, चेहरा दाखवणे म्हणजे स्वतःचे प्रदर्शन करणे. पण या बाबतीत आमची लाजही सोयीची आहे. रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या त्या काळी बालगंधर्वांचे शालू नेसणे, त्यांचे दागिने, त्यांची वेशभूषा पाहून घरंदाज बायका तसे नेसू लागल्या. त्या दाखवण्याला आम्ही कला म्हटले, आणि ते योग्यच झाले. मात्र तेच एखाद्या विणकराच्या सुनेने केले की आम्हांला ते प्रदर्शन दिसते. तेव्हा लाजेचा हा मुद्दा मला फार वेळ टिकवून धरता आला नाही.

तरीही एक फरक उरतोच, आणि तो खोटा नाही. पाठीला काम नाकारले, तर गवंडी हिरमुसतो, उपाशी राहतो. पण 'मी वाईट आहे' असे म्हणत घरी येत नाही. चेहऱ्याला काम नाकारले, की नकार आपल्यालाच मिळाला असे वाटते. चेहरा ही माणसाची ओळख आहे. आई आपल्याला चेहऱ्यावरून ओळखते, आणि मूल आईला. त्याच जागी बाजाराने येऊन 'हे नाक चालणार नाही' म्हटले, की घाव नाकावर न बसता आत कुठेतरी बसतो. या धंद्यातला खरा धोका मला इथे दिसतो. नकार मिळतो एका कामाला, आणि आपण तो लावून घेतो सबंध जगण्याला.

चहाचा पेला तिच्या हातात देताना मला जे सुचले ते मी तिला सांगितले. म्हटले, "हे बघ, चेहरा भाड्यानं दे, गहाण टाकू नकोस." भाड्याने दिलेले घर आपलेच राहते. त्याला मुदत असते, अटी असतात. भाडेकरूला भिंतीचा रंग आवडला नाही तर तो दुसरे घर पाहतो, आपण घर पाडत नाही. मुदत संपली की किल्ली परत आपल्या हाती येते. गहाणाचे तसे नसते. सावकाराला काय वाटते यावर तिथे आपली झोप अवलंबून असते. ती हसली. म्हणाली, "बाई, आमचं घर एकदा गहाण होतं. मला कळतं ते."

तिच्या तिन्ही शंका मग आम्ही एकामागून एक घेतल्या.

पहिली वयाची. मी तिला लीला चिटणीसांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. लहान वयात लग्न झाले, चार मुलगे झाले. पुढे संसार मोडला. त्यांनी काही काळ शाळेत शिकवले, नाटकांत कामे केली आणि मग त्या चित्रपटांत आल्या. १९३९ सालच्या 'कंगन'मध्ये अशोककुमारांबरोबर नायिका झाल्या तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या, आणि चार मुलांच्या आई होत्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा झळकला. त्या जाहिरातीत आलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. आणि पुढे? अवघ्या सात वर्षांनी, १९४८ च्या 'शहीद'मध्ये, त्या दिलीपकुमारांची आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्याहून जेमतेम तेरा वर्षांनी लहान होते. त्यानंतर 'आवारा', 'गंगा जमना', 'गाइड' या सगळ्या चित्रपटांत आईच. १९८१ साली त्यांनी 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र लिहिले आणि २००३ साली त्या अमेरिकेत वारल्या.

या गोष्टीतून दोन्ही अर्थ निघतात, आणि दोन्ही खरे आहेत. तिशीत, चार मुलांची आई असतानाही चेहऱ्याला मोल आले, हा एक अर्थ. आणि हाच बाजार एका बाईला सात वर्षांत प्रेयसीच्या जागेवरून उठवून आईच्या जागी बसवतो, पुरुषाला मात्र तिथेच ठेवतो, हा दुसरा. पहिला तेवढा सांगून तिला धीर देणे सोपे होते, पण ते अर्धे सांगणे झाले असते. न्यूयॉर्कच्या कार्मेन देलोरेफीचे या बाई १९३१ साली जन्मल्या, किशोरवयात मॉडेल झाल्या आणि २०१७ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, पॅरिसच्या एका वस्त्रप्रदर्शनात सगळ्यांसमोरून चालत गेल्या. ऐकून कौतुक वाटते. परंतु अपवादावर संसार उभारू नये. पहिलवानाची वर्षे मोजकी असतात, क्रिकेटपटूची असतात, तशीच या कामाचीही असतात. ती मोजकी आहेत हे ज्याला आधी ठाऊक असते त्याला ती संपल्याचा धक्का बसत नाही.

म्हणून वयाबद्दल मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. वय लपवू नकोस. एकोणतीसची आहेस तर एकोणतीस सांग; ज्याला नको असेल तो नको म्हणेल. वय चोरणे हा गहाणाचा पहिला हप्ता असतो, कारण त्या दिवसापासून प्रत्येक वाढदिवसाची भीती वाटू लागते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, माग विकू नकोस. कितीही काम आले तरी माग घरात राहू दे, हात चालू राहू देत. चेहऱ्याचा हंगाम ओसरला तरी पदरावरचे मोर विणायला हात कामी येतील.

दुसरी शंका रूपाची. इथे मला आधी थोडे भिंगाचे शास्त्र सांगावे लागले. हाताच्या अंतरावरून मोबाइलने आपलाच फोटो काढला, की नाक असते त्याहून मोठे दिसते, कारण नाक भिंगाच्या जवळ असते आणि कान दूर. तोच चेहरा आठ-दहा फुटांवरून टिपला, तर नाक आपल्या जागी जाते. ज्या नाकाला ती बसके म्हणून रोज दोष देत होती त्या दोषातला काही वाटा मोबाइलच्या अंतराचा होता. कॅटलॉगातल्या त्या वीस-बावीसच्या मुलींची कातडी तर कोणाच्याच अंगावर नसते. ती उजेडाने आणि नंतरच्या रंगसफाईने घडवलेली असते. फ्रान्समध्ये २०१७ पासून असा नियम आहे, की जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी फोटोत बदलली असेल, तर तसे त्यावर छापावे लागते. मॉडेलला प्रकृतीचा दाखलाही आणावा लागतो. त्याआधी २०१२ साली इस्राएलने फार कृश मॉडेलना जाहिरातीत घेण्यावर बंदी घालणारा कायदा केला. असे कायदे हौसेने होत नसतात. २००६ या एकाच वर्षी उरुग्वे आणि ब्राझील या देशांतल्या दोन तरुण मॉडेल उपासमारीने खंगून गेल्या. घरात अन्न असताना त्या उपाशी राहिल्या होत्या. चेहरा आणि शरीर गहाण टाकणे याचा शेवटचा अर्थ हा असा असतो.

आपल्याकडचे गहाण रंगाचे आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली, तर नजर बदलायला किती लागतील? गावोगावच्या दुकानांतून गोरे होण्यासाठी जी मलमे विकली जातात त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असते. ते लावले की चार दिवस कातडी उजळते आणि पुढे पातळ होते, लाल पडते, उन्हात चुरचुरते, तोंडावर लव येते. २०१८ साली सरकारने अशी चौदा औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. तरी मी तिला विचारले, "तू काही लावतेस का?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "थोडं थोडं लावते. रात्री." मी तिला चर्मरोगाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले, कारण असे मलम एकदम बंद केले तरी कातडी भडकते.

आणि इथवर आल्यावर मला थांबावे लागले. रंग उणा आहे, नाक उणे आहे, हे तिच्या डोळ्यांना कोणी शिकवले? मलम विकणाऱ्याने शिकवले, हे खरे. पण त्याच्याही आधी कोणी?

अठरा वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात सरस्वतीचा देखावा होता. ही मुलगी तेव्हा सहावीत होती. सरस्वतीचे स्तवन तिला मुखोद्गत होते. तिच्याइतके स्वच्छ उच्चार वर्गात कोणाचे नव्हते, आवाजही गोड. पण देखाव्यात बसायला मी दुसरी मुलगी निवडली, गोरी, सरळ नाकाची. तिला स्तवनाच्या दोन ओळीही येत नव्हत्या. मग मी युक्ती केली. ती समोर बसून वीणेवर बोटे फिरवील आणि ही पडद्यामागून गाईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी समोर बसलेल्या मुलीला बक्षीस दिले. त्यात अन्याय झाला असे मला त्या दिवशी मुळीच वाटले नाही. सरस्वती गोरी असते, त्यात विचार तो काय करायचा, अशी माझी समजूत होती.

एवढ्यावर माझे पातक संपत नाही. मी कादंबऱ्या लिहिते. पाच लिहिल्या. त्या रात्री मी कपाटातून त्या काढून चाळल्या, तर चार नायिका गोऱ्या निघाल्या. पाचवी सावळी होती. परंतु तिच्या सावळेपणाची भरपाई म्हणून मी तिला टपोरे डोळे आणि कमरेपर्यंत केस दिले होते, जणू ते उसने मी फेडत होते. कॅटलॉग छापणारा व्यापारी साडी खपावी म्हणून गोरा चेहरा निवडतो. मला तर काही खपवायचे नव्हते, तरी मी तोच निवडला.

मी तिला स्नेहसंमेलनाची आठवण काढून माफी मागितली. मला वाटले होते, ती म्हणेल, 'जाऊ द्या हो बाई, मी विसरलेसुद्धा.' ती म्हणाली, "आठवतं ना. पडद्याला एक भोक होतं, त्यातून मी तिच्या पायांकडं बघत गात होते. आईनं त्या दिवशी माझ्यासाठी नवं परकर-पोलकं आणलं होतं. ते कुणी पाहिलंच नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

नजर दुसऱ्या तऱ्हेचीही असू शकते. मुंबईचे सर जे. जे. कलामहाविद्यालय १८५७ सालचे. तिथले विद्यार्थी समोर माणसे बसवून चित्रकला शिकतात. तासन्‌तास एका जागी बसून राहणाऱ्या या मॉडेल बहुधा कष्टकरी वर्गातल्या बायका असतात. २०१८ साली आलेल्या रवी जाधवांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाने अशाच एका बाईची कथा पडद्यावर आणली. चित्र शिकणाऱ्या मुलाला म्हातारीच्या कपाळावरची सुरकुती, कष्टाने वाकलेला खांदा, हातावर वर आलेल्या शिरा या उणिवा वाटत नाहीत. त्याच्या दृष्टीने त्या रेषा असतात, आणि त्या नीट पाहता येणे हीच त्याची विद्या असते. ज्या चेहऱ्याला कॅटलॉगात जागा नाही त्याच चेहऱ्यापुढे तिथे मुले कागद घेऊन मन लावून बसतात. चेहरा तोच असतो. एकाला त्याच्या आडून काहीतरी विकायचे असते, दुसऱ्याला चेहराच पाहायचा असतो. म्हणून मी तिला म्हटले, "विकणाऱ्याच्या नजरेला उत्तर दे, त्याचे पैसे घे. पण आरशात मात्र त्या नजरेनं पाहू नकोस." हे सांगणे सोपे आहे आणि करणे फार कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः केस रंगवते.

तिसरी शंका घरची. ती सर्वांत अवघड, कारण तिथे उत्तर एकट्याचे नसते. १९४७ साली ज्या पहिल्या मिस इंडिया झाल्या त्या प्रमिला, मूळ नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, या तिशीतल्या संसारी बाई होत्या, आई होत्या. वीस वर्षांनी, १९६७ साली, त्यांच्याच मुलीने, नकी जहाँने, हा मान मिळवला. म्हणजे संसार आणि हे काम यांचे उपजत वैर आहे, असे म्हणायला आधार नाही. दुसरे टोक रीटा फारियांचे. मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत वाढलेल्या रीटा वैद्यकीच्या विद्यार्थिनी असताना १९६६ साली मिस वर्ल्ड झाल्या. वर्षभर त्यांनी ते मिरवले, मग मॉडेलिंग सोडून पुन्हा अभ्यासाला लागल्या आणि डॉक्टर झाल्या. त्यांनी भाड्याची मुदत स्वतः ठरवली आणि घर वेळेवर रिकामे करून घेतले. एक टिकून राहिली, एक निघून आली, आणि दोघींनीही निर्णय आपल्या हाती ठेवला.

परंतु या मोठ्या नावांमागे आधार होते. माझ्या विद्यार्थिनीमागे ते नाहीत. नोकरीतल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. रोजावर फोटोला उभी राहणाऱ्या बाईला रजाही नाही आणि पेन्शनही नाही. तेव्हा तिने मिळालेला पैसा स्वतःच्या खात्यात ठेवावा, घरखर्चाला द्यायचा तो मोजून द्यावा. काम देतो म्हणून जो आधी नोंदणीचे, फोटोंचे पैसे मागतो त्याच्या दारात पाऊल टाकू नये. खऱ्या कामात दलाली मिळालेल्या पैशातून कापली जाते, आधी मागितली जात नाही. परगावी जाताना विश्वासाचे माणूस बरोबर असावे. आणि मुलीचा फोटो मात्र कोणत्याही कॅटलॉगाला देऊ नये. आई स्वतःचा चेहरा भाड्याने देऊ शकते. सहा वर्षांच्या पोरीला अजून सही करता येत नाही.

नवऱ्याबद्दल काय सांगावे? 'तुला वाटेल ते कर' हे वाक्य तोंड फिरवून म्हणणाऱ्या माणसाच्या मनात दोन गोष्टी असू शकतात, मालकी किंवा भीती. मालकीला उत्तर द्यावे लागते, भीतीला हात द्यावा लागतो. कोणती आहे ते बाहेरच्याने सांगू नये. मी तिला एवढेच म्हटले, की परवानगी मागू नकोस, पण सगळे खरे सांग; कुठे, कोणाबरोबर, किती दिवस, किती पैसे. आणि सासूबाईंच्या शेजारी मागावर बस. त्या का बोलत नाहीत ते विचार. कदाचित त्यांना लाज वाटत नसेल. कदाचित त्यांना एवढेच वाटत असेल, की तीस वर्षे डोळे फोडून विणले तेव्हा कोणी फोटो काढला नाही, आणि सुनेने चार तास उभे राहून त्याहून अधिक मिळवले.

"असंच असेल," ती हळूच म्हणाली. "परवा त्या म्हणाल्या, साडी कुणी विणली ते कुणी विचारत नाही."

मग तिने मोबाइलमध्ये आलेला करार उघडला. इंग्रजीत होता. माझे इंग्रजी जेवढे आहे तेवढ्यावर आम्ही दोघींनी तो ओळीओळीने वाचला. रोज, जेवण, प्रवास, सगळे ठीक होते. शेवटच्या पानावर एक कलम सापडले. हे फोटो सर्व काळासाठी, सर्व ठिकाणी, हव्या त्या रीतीने वापरण्याचा आणि संगणकाने त्यांपासून नवी चित्रे तयार करण्याचा हक्क व्यापाऱ्याकडे राहील. म्हणजे चार दिवसांचे पैसे देऊन तिचा चेहरा कायमचा घ्यायचा, आणि पुढे ती घरी मागावर बसलेली असताना तिच्याच चेहऱ्यावर हजार नव्या साड्या नेसवायच्या. ही कल्पना आता कादंबरीतली राहिलेली नाही. न्यूयॉर्क राज्यात २०२५ च्या जूनपासून लागू झालेल्या कायद्याने, मॉडेलची संगणकी प्रतिकृती वापरायची तर तिची स्वतंत्र लेखी संमती घ्यावी लागते. येवल्यात बसून आम्हांला तो कायदा कामाचा नव्हता. पण हे कलम म्हणजे साधे गहाणखत होते, आणि त्याला सोडवून घेण्याची मुदतही नव्हती, हे आम्हां दोघींना कळले.

"हे काढायला सांग," मी म्हटले. "दोन वर्षांसाठी, फक्त याच कॅटलॉगासाठी, असं लिहून माग."

"आणि नाही म्हणाले तर?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पैसे तिचे जाणार होते, माझे नव्हे. सल्ला देणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

आठवड्याने तिचा फोन आला. व्यापारी नाही म्हणाला. कलम बदलत नाही, दुसऱ्या पुष्कळ मुली आहेत, असे त्याने सांगितले. ती सुरतेला गेली नाही. गावातल्याच दुकानदारांशी तिने नव्याने बोलून घेतले. फोटोचे वेगळे पैसे, वर्षाची मुदत, आणि प्रत्येक फोटोखाली साडी विणणाऱ्याचे नाव. पैसे सुरतेच्या निम्म्यानेही नाहीत. घरखर्चाची ओढ आहे तशीच आहे. मी दिलेला सल्ला बरोबर होता का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. एवढे कळले, की पहिल्या फोटोखाली तिच्या सासूबाईंचे नाव होते, आणि त्या आता तिच्याशी थोडे थोडे बोलतात.

आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन डिसेंबरात असते. देखाव्यासाठी मुली निवडण्याचे काम यंदाही माझ्याकडेच आहे. वर्गात पाऊल टाकल्याबरोबर माझे डोळे आधी कोणाकडे वळतात, हे या वेळी मी नीट पाहणार आहे.